नावानिशी घेतलेले ऋण

लोकांच्या रोजच्या जगण्यातून आपोआप उगवलेले गाणे, नक्कल, चित्र वा गोष्ट उचलून तिला स्वतःच्या संकल्पनेच्या चौकटीत बसविणारा, आणि त्या बसविण्यालाच आपली निर्मिती मानणारा कलावंत हा विसाव्या शतकात सर्वत्र दिसू लागला. अमेरिकेत अँडी वॉरहॉल यांनी १९६२ साली किराणा दुकानातील सूपचे डबे चित्रफलकांवर ओळीने मांडले. आपल्याकडे भूपेन खख्खर यांनी देवादिकांच्या कॅलेंडरांची आणि बाजारपेठेतील चित्रांची रीत आपल्या चित्रांत आणली. अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरांनाच चित्रफलक केले. या मंडळींच्या प्रतिभेविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कलादालनांत क्वचितच विचारला जातो. ज्यांच्या हातून, गळ्यातून आणि अंगातून ती मूळ वस्तू निघाली, त्या माणसांचे पुढे काय होते? घेणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. देणाऱ्याची नोंद कोणत्या दप्तरात होते?

या प्रश्नाला ज्याने भाषणांतून नव्हे तर अर्धशतकाच्या प्रत्यक्ष कामातून उत्तर दिले तो माणूस रायपूरचा होता. हबीब तन्वीर यांना कोणी नाटककार म्हणतात, कोणी दिग्दर्शक, कोणी उर्दूचा कवी, कोणी नट. आणि ही सर्व नावे त्यांना शोभतात. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व एका संकल्पनेत आहे असे मी समजतो. नगरातील शिक्षित रंगभूमी आणि खेड्यातील नाचा हे छत्तीसगडी लोकनाट्य या दोहोंना एकाच मंचावर समान अधिकाराने उभे करायचे, आणि त्या भेटीत जी काही उलथापालथ होईल ती नगराने सोसायची, ही ती संकल्पना होय.

त्यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात झाला. वडील हाफिज अहमद खान मूळचे पेशावरचे. मुलाचे नाव हबीब अहमद खान, आणि ‘तन्वीर’ हे त्याने पुढे कवी म्हणून घेतलेले टोपणनाव. हे शहर मराठी वाचकाला परके नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर बसला, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथील कारभार पाहिला, त्यांच्यामागे सुभेदारांची राजवट आली, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतरही नागपूर व रायपूर ही दोन शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांताच्या कारभाराखाली नांदली. त्या दीर्घ सहवासातून तात्यापाऱ्यासारखी मराठी वस्ती या शहरात रुजली. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे, समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच सहवासाचे फळ होते. ज्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात हबीब शिकले त्या शाळेला आज सप्र्यांचेच नाव आहे. तेथून पुढे ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले आणि १९४४ साली बी. ए. झाले. म्हणजे रायपूर, नागपूर आणि त्यानंतर मुंबई, या ज्या वाटेने विदर्भ-छत्तीसगडातील कितीतरी मराठी तरुण गेले त्याच वाटेने हा उर्दू कवीही गेला.

मुंबईत त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, चित्रपटांसाठी गीते लिहिली, थोडा अभिनय केला आणि ते ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेत शिरले. त्याच चळवळीच्या परिघात त्या वेळी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ही शाहीर मंडळी वावरत होती. लालबावटा कलापथकाच्या या तिघांनी तमाशाचा बाज घेऊन गिरणी कामगारांपुढे जे उभे केले ते मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. तन्वीर यांच्या पुढच्या कार्याची मुळे शोधणारे अभ्यासक बहुधा थेट ब्रेख्तच्या बर्लिनला जातात. मला मात्र वाटते की, लोककला ही संग्रहालयात ठेवण्याची वस्तू नसून तिच्या अंगी आजच्या प्रश्नांना भिडण्याचे बळ आहे, ही गोष्ट परळ-लालबागच्या मैदानांत जितकी स्पष्ट दिसत होती तितकी त्या काळी भारतात अन्यत्र फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

१९५४ साली ते दिल्लीस गेले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक उभे केले. या नाटकाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण लोकप्रिय संस्कृतीतील सामग्री उचलून तिला नवा अर्थ देण्याचे इतके निर्मळ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. नझीर अकबराबादी हा अठराव्या शतकात जन्मलेला आग्ऱ्याचा कवी. त्याने काकडीवर लिहिले, कलिंगडावर लिहिले, पोळीवर, होळीवर, पतंगांवर, अस्वलाच्या पिलावर लिहिले. तत्कालीन विद्वज्जनांनी त्याला बाजारू म्हणून दूर ठेवले. त्याच्या कविता टिकल्या त्या फकिरांच्या, भिक्षेकऱ्यांच्या आणि फेरीवाल्यांच्या कंठांत. तन्वीर यांनी या कवीवर नाटक लिहिले आणि त्या नाटकात कवीला एकदाही मंचावर आणले नाही. मंचावर आहे तो बाजार. एका अंगाला पुस्तकविक्रेत्याचे दुकान, जेथे शायर आणि समीक्षक भाषाशुद्धीच्या चर्चा करतात. दुसऱ्या अंगाला पतंगवाल्याचे दुकान, जेथे नझीरच्या कवितांचे चाहते जमतात. आणि मध्ये एक काकडीवाला, ज्याचा माल मंदीच्या दिवसांत कोणी घेत नाही. आपल्या काकडीवर कोणीतरी कविता लिहून द्यावी म्हणजे ती गात माल विकता येईल, असे त्या बिचाऱ्याच्या मनात येते. प्रतिष्ठित कवी त्याला हाकलून लावतात. नझीर लिहून देतो, आणि माल विकला जातो. रूढ अर्थाने कथानक म्हणावे ते इतकेच. अनुपस्थित कवीला त्याच्या चाहत्यांच्या मुखातून उपस्थित करण्याची ही युक्ती केवळ चातुर्याची नाही. कविता कोणाची असते, या प्रश्नाचे ते एक गंभीर उत्तर आहे. आणि हे नाटक केले कोणी? जामिया मिल्लियाच्या विद्यार्थ्यांनी आणि शेजारच्या ओखला गावातील रहिवाशांनी. बाजाराचे नाटक करायचे तर बाजारात बसणारी माणसेच मंचावर हवीत, हा निर्णय त्यांनी पहिल्याच मोठ्या नाटकात घेतला होता.

पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत अभिनय आणि ब्रिस्टलच्या ओल्ड व्हिक नाट्यशाळेत दिग्दर्शन शिकले, युरोप फिरले, आणि १९५६ साली बर्लिनला पोहोचले तेव्हा ज्याला भेटण्याची आस होती तो जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त नुकताच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, निवर्तला होता. तरीही ते तेथे काही महिने राहिले आणि त्याच्या मंडळीची नाटके त्यांनी पाहिली.

परत आल्यावर, १९५८ साली, ते घरच्यांच्या भेटीला रायपुरास आले असता त्यांना कळले की आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर रात्री नाचा आहे. ते गेले आणि रात्रभर पाहत बसले. नाचा म्हणजे काय हे रायपूर-दुर्ग-राजनांदगाव या भागातील माणसाला विचारावे. रात्रीच्या जेवणानंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा हा खेळ. तीन बाजूंना माणसे, मध्ये उघडी जागा, एका कडेला वादक. स्त्रीवेष घेतलेली पुरुष ‘परी’, हजरजबाबी ‘जोक्कर’, आणि गाण्यांच्या अधूनमधून येणाऱ्या गमती, ज्यांत सावकार, पुजारी, घरजावई, सासू यांपैकी कोणाचीही गय नसते. पूर्वी मशालींच्या उजेडात आणि चिकाऱ्याच्या साथीने उभ्याने चालणाऱ्या या प्रकाराला राजनांदगावकडील रवेली गावच्या दुलारसिंह साव, म्हणजे दाऊ मंदराजी, यांनी संघटित मंडळीचे रूप दिले, त्यात पेटी आणली, आणि त्यासाठी आपली मालमत्ता वेचली. त्या रात्री शाळेच्या मैदानावर तन्वीर यांनी मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास आणि भुलवाराम हे नट पाहिले. लंडन, ब्रिस्टल आणि बर्लिन पाहून आलेल्या माणसाला आपल्याच शाळेच्या अंगणात श्रेष्ठ अभिनय सापडला. त्यांना तो दिसला याचे श्रेय मी त्यांच्या विनयाला देतो, कारण परदेशी विद्या घेऊन आलेल्या डोळ्यांना घरची वस्तू सहसा दिसत नाही.

लालूराम आणि जगमोहन हेही मिळाले, आणि हे सहा जण दिल्लीस जाऊन शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’ या नाटकात उभे राहिले. १९५९ साली तन्वीर आणि त्यांच्या सहधर्मचारिणी मोनिका मिश्रा यांनी ‘नया थिएटर’ स्थापन केले.

येथपर्यंतची कथा यशाची वाटते, परंतु पुढची जी दहा-बारा वर्षे आहेत त्यांतच या माणसाची खरी परीक्षा झाली. नट तर थोर. पण दिल्लीच्या मंचावर ते अवघडलेले दिसत. रात्रभर हजारोंच्या समुदायाला खेळवणारा ठाकूरराम दिल्लीच्या बंदिस्त सभागृहात का आखडतो, याचा उलगडा दिग्दर्शकाला लवकर होईना. तो झाला तेव्हा त्यांनी दोन कारणे शोधली, आणि दोन्हींत दोष स्वतःचा ठरविला. पहिले कारण असे की, कोणत्या वाक्याला कोणत्या जागी जायचे, कोठे वळायचे, याची इंग्लंडात शिकलेली काटेकोर आखणी ते या नटांवर लादत होते. ज्यांचे सारे हालणे-चालणे समोरच्या माणसांच्या हुंकारावर ठरते त्यांना ती आखणी म्हणजे बेडीच होती. दुसरे कारण असे की, छत्तीसगडी बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी ते हिंदी घालीत होते. मग १९७० ते ७३ या काळात त्यांनी दोन्ही बंधने सोडून दिली. नटांनी आपल्या भाषेत बोलावे, आपल्या मनाने हालावे, प्रसंग आपणच रचावेत. दिग्दर्शकाने पाहावे, निवडावे आणि शेवटी आकार द्यावा. लोककला वापरणारे कलावंत जगात पुष्कळ झाले, पण लोककलेने आपल्या शिक्षणाला दिलेला नकार इतक्या सरळपणे स्वीकारणारा विरळा. मला या माणसाविषयी जो आदर आहे तो त्यांच्या कोणत्याही एका नाटकापेक्षा या निर्णयासाठी अधिक आहे.

१९७३ साली रायपुरात नाचाच्या कलावंतांचे महिनाभराचे शिबिर भरले. नाचाच्या तीन जुन्या गमती एकत्र गुंफून त्यातून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक सिद्ध झाले, आणि दिल्लीच्या प्रेक्षकांनी ते छत्तीसगडी बोलीतच डोक्यावर घेतले. बोली समजणार नाही ही भीती नगरवासी निर्मात्यांची असते. प्रेक्षकाची ती क्वचितच असते.

‘चरणदास चोर’ त्यानंतर दोनेक वर्षांनी आले. विजयदान देथा यांनी लिहिलेली ती राजस्थानी लोककथा. एक चोर गुरूपुढे थट्टेवारी चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि देऊ केले तरी राज्य घेणार नाही, या गोष्टी आपल्या वाट्याला येणेच असंभवनीय अशी त्याची खात्री असते. गुरू त्यात आपली पाचवी घालतो की खोटे बोलणार नाही. मग एकामागून एक ते सर्व असंभवनीय प्रसंग समोर येऊन ठाकतात, आणि चोर आपल्या शब्दासाठी प्राण देतो. भिलाईच्या शिबिरात या गोष्टीवर काम सुरू असता तेथील मैदानावर सतनामी बांधवांचा मेळावा होता, आणि नाटकाचे पहिले, अपुरे रूप त्या समुदायापुढेच उघड्यावर सादर झाले. सत्य हाच ईश्वर मानणाऱ्या गुरू घासीदासांच्या अनुयायांपुढे सत्यासाठी मरणाऱ्या चोराची गोष्ट! त्या भेटीतून सतनाम्यांचे पंथी नृत्य आणि गायन नाटकात आले आणि त्याचा कणा बनून राहिले. गाणी रचली ती स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम साखेत या छत्तीसगडी कवींनी. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी याच कथेवर बालचित्रपट केला, ज्यात स्मिता पाटील होत्या आणि चोराच्या भूमिकेत होते नाचाचे लालूराम. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाने ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळविला. स्त्रीपात्रे पुरुषांनी करण्याच्या नाचाच्या प्रथेतून बाहेर येऊन फिदाबाई मरकाम यांनी राणीची भूमिका ज्या ताकदीने केली तिचे वर्णन जुने प्रेक्षक अजून करतात.

यानंतर शेक्सपियर, मोलिएर, ब्रेख्त, विशाखदत्त, रवींद्रनाथ हे सर्व या नटांच्या छत्तीसगडी वाणीतून बोलू लागले. त्या सर्वांची यादी येथे देत नाही. एका नाटकाचा उल्लेख मात्र आवश्यक आहे. ‘पोंगा पंडित’ अथवा ‘जमादारिन’ हे अस्पृश्यतेवर प्रहार करणारे प्रहसन तन्वीर यांनी लिहिलेले नाही. ते नाचाच्या कलावंतांनी स्वातंत्र्यापूर्वीच रचले आणि खेड्यापाड्यांतून कित्येक दशके विनातक्रार खेळले. १९९२ नंतर त्याच प्रहसनाचे प्रयोग उधळले जाऊ लागले, आणि दोष तन्वीर यांच्या माथी आला. नाटक माझे नाही, असे म्हणून बाजूला होणे त्यांना सहज शक्य होते. ते नाटक लोकांचे आहे हे त्यांनी सांगितले आणि प्रयोग चालूच ठेवले. लोकांकडून घेणाऱ्याने लोकांचे संकटही घ्यावे लागते. तेवढे करणारे घेणारे किती?

आता आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल की पद्मश्री १९८३ साली तन्वीर यांना मिळाली, पद्मभूषण २००२ साली मिळाले, १९७२ ते ७८ राज्यसभेत ते बसले, आणि नट आपल्या गावी परतून हालअपेष्टांतच मेले. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते टाळू नये. ‘नया थिएटर’चे नट गोविंदराम निर्मलकर यांना २००९ साली पद्मश्री मिळाली, पण २०१२ साली त्यांचे निधन झाले तोवरचा अखेरचा काळ आजारपणात आणि आर्थिक विवंचनेत गेला. परंतु वृद्ध कलावंताच्या औषधपाण्याचा आणि निर्वाहाचा बंदोबस्त हा एका नाटकमंडळीच्या चालकाच्या कुवतीतला विषय नाही. तो शासनाचा आणि समाजाचा विषय आहे. चालकाकडून जे अपेक्षावे ते असे की त्याने नटांना नटच मानावे, त्यांची नावे सांगावीत, त्यांच्या भाषेचा मान राखावा आणि आयुष्यभर त्यांच्यासह काम करावे. तन्वीर यांची नाटके ज्यांनी पाहिली त्यांना ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम ही नावे ठाऊक झाली. वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांची मूळ वेष्टने कोणी चितारली होती, हे किती जणांस ठाऊक आहे?

अगदी जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर २००९ सालच्या ‘दिल्ली-६’ या चित्रपटातील ‘ससुराल गेंदा फूल’ हे गाणे देशभर गाजले. ते छत्तीसगडचे लोकगीत आहे. येथील घराघरांत ते आधीपासून गायिले जात होते. पुण्या-मुंबईच्या लग्नांतून त्यावर नाचलेल्यांपैकी कितीजणांना छत्तीसगडचे नाव आठवते? याच्या उलट, पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये ‘चोला माटी के राम’ हे गाणे आले तेव्हा गीतकार म्हणून गंगाराम साखेत यांचे नाव होते, गायिका तन्वीर यांच्या कन्या नगीन होत्या, आणि नत्था या नायकाच्या भूमिकेत ‘नया थिएटर’चे ओंकारदास माणिकपुरी होते. दोन्ही गाणी लोकप्रिय झाली. पण नाव लावल्याने आणि माणूस बरोबर नेल्याने काय फरक पडतो, हे या दोहोंना शेजारी ठेवले की स्वच्छ दिसते.

मराठी रंगभूमीला हा प्रश्न चुकलेला नाही. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी कीर्तन, खेळे, दशावतार यांचे जे रसायन केले, विजया मेहतांनी ब्रेख्तला तमाशाच्या बाजात ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून उभे केले, पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, ही आपल्या नाट्येतिहासातील उज्ज्वल पाने आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. परंतु त्या मंचांवर तमाशाचा बाज होता, तमासगीर बहुधा नव्हते. नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाले आणि अखेरचे दिवस मात्र विपन्नावस्थेत काढावे लागले. रूप नगरात आले, माणसे तंबूतच राहिली. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांची जी परंपरा तन्वीर यांनी मुंबईत जवळून पाहिली ती त्यांनी छत्तीसगडात पुढे नेली. आपण ती तितक्या निष्ठेने पुढे नेली असे म्हणणे कठीण आहे. आणि रायपुराहून गोंदियाकडे जाणारी गाडी ज्या मुलखातून जाते तेथेच झाडीपट्टीची रंगभूमी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी झाल्यावर रात्रीमागून रात्री नाटके होतात, तिकिटे काढून गावेच्या गावे बसतात, दंडार आणि खडी गंमत तेथे अद्याप जिवंत आहेत. तेथील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळेपर्यंत पुण्याच्या किती रसिकांनी त्यांचे नाव ऐकले होते? नाचा आणि ही खडी गंमत एकमेकांच्या इतक्या निकट आहेत की त्यांच्या मधली हद्द ही महसुली हद्द आहे, कलेची नाही. त्या मुलखात अजून एखाद्या तन्वीरची जागा रिकामी आहे.

हबीब तन्वीर यांचे ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये छत्तीसगड शासनाने ‘चरणदास चोर’ या पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकातील मजकुराबद्दल सतनामी समाजातील काहींनी आक्षेप घेतला होता. समाजाच्या भावनांचा आदर करावा हे मला मान्य आहे, आणि कोणा उपेक्षित समाजाला एखाद्या वाक्याने दुखविले असेल तर ते वाक्य चर्चेत आणून त्याचे निवारण करावे हेही मान्य आहे. पण ज्या नाटकाचा जन्म त्याच समाजाच्या मेळाव्यात झाला, ज्याने पंथी गायन जगापुढे नेले, ते हुकुमाने शाळांच्या कपाटांतून काढणे ही चूक होती. लेखक हयात नसताना ती केली गेल्याने ती अधिक दुःखद ठरली. ज्या राज्याने आपली अस्मिता लोककलेवर उभी केली त्या राज्याने आपल्या सर्वांत मोठ्या रंगकर्मीचे पुस्तक प्रत्येक ग्रंथालयात ठेवले पाहिजे, आणि त्यापुढे दाऊ मंदराजी, ठाकूरराम, मदनलाल, फिदाबाई यांची चरित्रेही लिहवून घेतली पाहिजेत.

शासनाने काय करावे हे सांगून मी थांबणार नाही, कारण आम्हां रायपूरच्या आणि एकूणच छत्तीसगडच्या मराठी मंडळींच्या हाती काही आहे. रायपूर, दुर्ग, भिलाई, बिलासपूर येथील महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवात मुंबई-पुण्याहून नाटके आणि गायक आनंदाने बोलावतात. तन्वीर यांचा जन्मदिवस १ सप्टेंबर, म्हणजे बहुतेक वर्षी उत्सवाच्या आसपासच येतो. या मंडळांना माझी विनंती आहे की येत्या उत्सवातील एक रात्र नाचाच्या मंडळीला द्यावी, शक्य तर झाडीपट्टीतील एखादी दंडार मंडळीही त्याच रात्री बोलवावी, खेळ पूर्ण होऊ द्यावा, अर्ध्यावर आटोपता घेऊ नये. कार्यक्रमपत्रिकेवर पदाधिकाऱ्यांच्या नावांच्या वर प्रत्येक कलावंताचे नाव छापावे. आणि बिदागी ठरविताना मुंबईच्या नटाला जे देतो त्याहून एक रुपयाही कमी देऊ नये.